गनिमाची ढाल

बेळगावजवळच्या हिंडलग्यात भरमाचं घर विचारलं तर माणसं क्षणभर विचारात पडतात. 'पड्याचं घर' म्हटलं की मात्र एवढंसं पोरगंसुद्धा बोट धरून नेतं. हे नाव त्यानं स्वतःच कमावलेलं. मिशी फुटल्यापासून तो शिवजयंतीच्या चित्ररथावर गनिमाचा शिपाई होतो आणि पडतो. पडतो म्हणजे मरतो. मावळे दोर लावून तट चढतात, पहिला मावळा आत उडी घेतो, पहाऱ्यावरचा शिपाई "कौन है?" म्हणून ओरडतो आणि ते दोन शब्द तोंडातून धड बाहेर पडायच्या आत आडवा होतो. शिट्ट्या होतात, हलगी कडाडते, ट्रॅक्टर पुढच्या चौकाकडं निघतो. तिथं भरमा उठतो, कपडे झटकतो आणि पुन्हा मरायला उभा राहतो.

मावळा व्हायला मंडळात कायम रांग. आया आपल्या पोराला फेटा बांधून घ्यायला सकाळपासून येऊन बसतात. गनीम व्हायला कोण येणार? भरमा अंगानं थोराड, आवाज दणदणीत. पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हणालं, "ह्यो गनीम शोभतोय बघा," आणि ते कायमचं चिकटलं. तो तक्रार करणाऱ्यांतला नव्हता. उद्यमबागेतल्या फौंड्रीत साचे भरायचं त्याचं काम. दिवसभर वाळू ठोकायची आणि संध्याकाळी तापलेलं लोखंड ओतायचं. असल्या माणसाला वर्षातनं एकदा मरायचं म्हणजे काहीच नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

मावळ्यांचं सामान पेटीत असतं. तलवारी, भाले, फेटे, सगळं कुलपात. खंडेनवमीला पेटी उघडते, हळद-कुंकू लागतं, नारळ फुटतो. गनिमाचं सामान पोत्यात. कुणाच्या तरी दारावरचा जुना हिरवा पडदा म्हणजे त्याचा अंगरखा, प्लॅस्टिकच्या टोपलीला चंदेरी रंग मारला की शिरस्त्राण, आणि ढाल पुठ्ठ्याची. गनिमाला जितकं भिकार नटवावं तितकी आपली भक्ती जास्त, असा एक समज मंडळात मुरलेला होता. कुणी तो बोलून दाखवत नव्हतं, पण पोतं बघितलं की कळत होतं.

गेल्या वर्षीची ढाल टीव्हीच्या खोक्याची होती. खडेबाजारात भरमा पडला तेव्हा ती उलटी झाली. आतल्या बाजूला टीव्हीचं चित्र आणि 'नाजूक वस्तू, जपून हाताळा' असं इंग्रजीत ठळक छापलेलं. गर्दी खदखदून हसली. कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि दोन दिवसांत ते अख्ख्या बेळगावभर फिरलं.

भरमाची पोरगी आरोही आठवीत. शहरातल्या शाळेत जाते. तिच्या वर्गातल्या पोरांनी ते बघितलं आणि तिच्या दप्तराला चिठ्ठी चिकटवली, 'जपून हाताळा'. आरोही घरी येऊन जेवली नाही. आई पूर्णिमेनं लई विचारल्यावर चिठ्ठी पुढं टाकली. बापाकडं न बघता म्हणाली, "आप्पा, पुढच्या वर्षी तुम्ही जाऊ नका. आणि गेलासा तर मला बघायला बोलवू नका."

भरमाला ते फार लागलं. गावानं पड्या म्हटलेलं त्यानं हसत घेतलं होतं, पण पोरीनं मान खाली घातलेली त्याला सोसेना. न जाणं सोपं होतं. मंडळाला दुसरा कुणीतरी मिळाला असता. पण न गेल्यानं ते हसू थोडंच पुसलं जाणार होतं? ते तसंच राहिलं असतं, फोनात आणि पोरीच्या डोक्यात. त्यानं ठरवलं ते उलटंच. जायचं. आणि असं जायचं की आरोही आपल्या पायांनी बघायला येईल. कसं, ते मात्र त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

ते कळलं दिवाळीत. मंडळाचे देखावे बसवतात ते हरिभाऊ, टिळकवाडीतले ड्रॉइंगचे निवृत्त सर. त्यांचा मुलगा निशांत डेन्मार्कला नोकरी करतो. तो सुट्टीला आला होता आणि भरमा फराळाला गेला होता. निशांतनं फोनवर एक चित्रफीत दाखवली. हिरव्यागार माळावर तंबू, धूर, दाढीवाले गोरे बाप्ये आणि त्यांच्या हातांत गोल रंगीत ढाली.

"तिकडं हजारेक वर्षांपूर्वी हे दर्यावर्दी लोक होते," निशांत म्हणाला. "व्हायकिंग म्हणतात. आता लोक सुट्टीच्या दिवशी तसे कपडे घालून तसेच राहतात, तसेच लढतात. मीही जातो. पहिल्या दिवशी एका म्हातारीनं मला हाकलून दिलं, माहीत आहे? माझा अंगरखा उलटा करून आतली शिवण बघितली. मशिनची निघाली. म्हणाली, हातानं शिवून आण."

"आतली शिवण कुणाला दिसतीया?" भरमानं विचारलं.

"मीही तेच विचारलं. ती म्हणाली, तुला दिसते ना?"

फोनवरच्या दोघांची झुंज संपली. एकजण पडला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पडलेल्याला हात देऊन उठवलं. भरमानं ते परत लावायला सांगितलं. मग पुन्हा एकदा.

"ह्यो पडला त्याची पण ढाल तसलीच हाय की," तो म्हणाला.

"असणारच. ज्याची त्यानं केलेली असते. फळ्या जोडायच्या, वर कातडं ओढायचं, कड कच्च्या चामड्यानं शिवायची. आज हरतो तो उद्या जिंकतो."

"न्हाय, पण हरणाऱ्याला खरी ढाल?"

निशांतला त्याचा प्रश्न कळलाच नाही. हरिभाऊंना मात्र कळला. चकलीचा तुकडा मोडत ते हसले, "भरमा, आपल्याकडं तुला तिसऱ्या सेकंदाला मरायचंय. मरणाऱ्याला कशाला रे ढाल?"

पण परतीच्या बसमध्ये बसला तेव्हा भरमाचं ठरलेलं होतं.

निपाणीजवळच्या एका खेड्यात गुंडू राहतो. फौंड्रीत तो बरीच वर्षं भरमाच्या शेजारी होता, मग आपल्या घरच्या चपलांच्या धंद्याला परत गेला. भरमानं त्याच्याकडं म्हशीचं कातडं मागितलं. गुंडूनं आधी त्याला वेड्यात काढलं, मग चहा पाजला, मग मानेजवळचा जाड तुकडा काढून दिला. "चपलंचं काम मला इचार, ढालीचं मला म्हाईत न्हाय," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "भिजवून मऊ कर आणि पायजे तसा आकार दे, एवढंच सांगतो."

पहिली ढाल भरमानं उपड्या कढईवर ताणली आणि गच्चीवर उन्हात ठेवली. ती पापडासारखी वाकडी झाली, आणि वास असा सुटला की गल्लीतली झाडून सगळी कुत्री जिन्यापाशी येऊन बसली. पूर्णिमा कमरेला पदर खोचून उभी राहिली. "एक तर ही घरात ऱ्हाईल, न्हायतर मी." ढाल गोठ्यात गेली. गोठ्यातली म्हैस काय समजायचं ते समजली आणि तिकडं पाठ करून उभी राहू लागली.

दुसऱ्यांदा भरमानं आपली अक्कल वापरली. साचा भरणारा माणूस कढईच्या नादी लागलाच कशाला, असं म्हणून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. फौंड्रीतली वाळू आणून तिचा ठोकून घुमट केला. त्यावर ओलं कातडं पसरलं, वरून वाळूच्या पिशव्या रचल्या आणि सगळं सावलीत ठेवलं. रोज सकाळी तो जाऊन बोटानं दाबून बघायचा. घाई नाही. उन्हाचं नाव नाही. कातडं वाळलं तेव्हा टणक आणि नितळ गोल निघालं. त्याला जवसाचं तेल पाजलं, मग काळा रंग दिला. मुकादमाला विचारून एका रविवारी जुन्या नळांचं पितळ वितळवलं आणि चार फुलं ओतली. ती फुलं दिसायला शोभेची, पण त्यांच्याच खिळ्यांवर आतले पट्टे बसतात. जुन्या ढालींची चित्रं बघून बघून एवढं त्याला कळलं होतं.

आत मुठीला लागू नये म्हणून एक छोटी गादी हवी होती. वास गेल्यावर पूर्णिमेचा राग उतरला होता. जुन्या वाकळेचं कापड घेऊन ती मशिनवर बसली तसा भरमा म्हणाला, "हातानं शिव की."

"आतल्या अंगाला हाय. कोण बघतंय?"

"मी बघतोय न्हवं?"

तिनं कपाळाला आठ्या घातल्या, पण हातानं शिवली. टाके बारीक आणि एकसारखे. ढाल तयार झाली त्या संध्याकाळी तिनंच त्याच्या हातावर पट्टे आवळले, कारण एका हातानं ते आवळता येत नाहीत. ढाल उचलली आणि भरमाची पाठ आपोआप ताठ झाली. इतकी वर्षं गनीम झाला, पण हा शिपाई कोण, त्याचं गाव कुठलं, हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. पडद्याचा झगा घातलेल्या माणसाला कुठलं आलंय गाव? आता हातावर वजन आलं आणि त्याला वाटून गेलं की त्या शिपायालाही पट्टे कुणीतरी आवळून दिले असणार. पोटासाठी पहारा करणारा माणूस. त्याला त्या शिपायाची दया आली, आणि थोडी लाजही वाटली, की आपण त्याला इतक्या वर्षांत एकदाही नीट मरू दिलं नाही.

आरोही दारात उभी राहून बघत होती. ती पुढं आली, दोन्ही हातांनी ढाल उचलून पाहिली. "लई जड हाय की," म्हणाली.

"येणार काय बघायला?"

"न्हाय," ती म्हणाली आणि अभ्यासाला गेली.

शिवजयंती जवळ आली तशी शाळेच्या पटांगणात तालीम सुरू झाली. यंदाचा पहिला मावळा ओमकार. आखाड्यात कमावलेलं शरीर, दंडावर वाघाचं गोंदण, आणि सोसायटीत कारकुनाची नोकरी. हरिभाऊंनी शिट्टी वाजवली. ओमकारनं उडी घेतली, भरमा "कौन है" ओरडला, ओमकारची तलवार खाली आली. आणि भरमाचा हात वर गेला. त्यानं नेला नव्हता. ढाल हातात असली की हात जातोच. खाडकन आवाज झाला. ओमकारची चंदेरी तलवार प्लायवूडची होती. तिचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा हरिभाऊंच्या पायापाशी येऊन पडला.

पटांगणात एकदम गलका उठला. कुणी म्हणालं अपशकुन झाला, कुणी म्हणालं पड्याला गनिमाचा लई पुळका आलाय. ओमकार हातातली मूठ बघत तसाच उभा.

हरिभाऊ लालबुंद झाले. "भरमा, महाराजांच्या मावळ्याची तलवार गनिमाच्या ढालीवर मोडली! हे दाखवायचं काय लोकांना? उद्या पुठ्ठ्याची ढाल घेऊन ये. विषय संपला."

"न्हाय आणणार, सर."

भरमा हरिभाऊंना उलट बोलला, हे आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्याचा आवाज चढला नाही, पण तो जागचा हललाही नाही. "सर, पुठ्ठ्याची ढाल फोडायला मावळा कशाला पायजे? बालवाडीतलं पोरगं पण फोडंल. आमी पुठ्ठ्याचं असलो तर मावळ्यांनी मारलं काय? पुठ्ठाच न्हवं? तसल्यांनी गड घेतला म्हणून टाळ्या वाजवायच्या? मला मरायचंय, सर. मी न्हाय कवा म्हटलो? पण मला मारायला कुणालातरी यायला तर पायजे."

कुणी हसलं नाही. हरिभाऊ खाली पडलेला प्लायवूडचा तुकडा उचलून उगाच न्याहाळत बसले. ते माणूस वाईट नव्हेत, फक्त इतकी वर्षं देखावा स्वतःच्या मनात ठरवलेला, त्यात बदल त्यांना खपत नाही. शेवटी म्हणाले, "मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी मी हिंडलग्याला येतो. तोवर ओमकारला तुला पाडता आलं तर ढाल राहील. आणि तू आपणहून पडलास तर मला कळेल. नाही जमलं तर ढालही नाही आणि तूही नाहीस. दुसरा कुणीतरी पडेल."

"चालतंय," भरमा म्हणाला.

आता बघा कशी गंमत. माणसं जिंकायला धडपडतात. हा गडी हरण्यासाठी जिवाचं रान करू लागला. पहिलं काम म्हणजे ओमकारला तलवार. ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा आणून त्यानं गावातल्या लोहाराकडून ठोकून घेतला, कडा घासून बोथट केल्या, टोक गोल केलं. मुठीला दोरी गुंडाळली. ओमकारनं ती हातात घेतली आणि त्याचं मनगट खाली लवलं.

"मामा, ही फिरवायची?" त्याचा चेहरा उतरला.

"मावळ्यांनी फिरवली. तुझा दंड बघ केवढा हाय."

रोज पहाटे, फौंड्रीची पाळी सुरू व्हायच्या आधी, दोघं भरमाच्या कापणी झालेल्या शेतात उभे राहायचे. ओमकार वार करायचा, ढाल अडवायची. ओमकारच्या हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर त्यानं चिंधी बांधली. एका सकाळी वैतागून तलवार ढेकळांत फेकली. "तू पड की मामा! सरांना काय कळतंय?"

भरमाला मोह झाला नाही असं नाही. गुडघे दुखत होते, खांदा भरून आला होता. पडायची तर जन्माची सवय. तो एवढंच म्हणाला, "तुला कळंल. मला पण कळंल. उचल ती."

ओमकारनं उचलली. आणि त्यालाच ते सापडलं. डोक्यावरचा वार अडवायला भरमानं ढाल वर नेली की क्षणभर त्याचे स्वतःचे डोळे तिच्याआड जातात. त्या क्षणात ओमकार खाली बसला, ढालीखालनं शिरला आणि तलवारीची सपाट बाजू पोटरीवर मारून खांद्यानं धक्का दिला. भरमा ढेकळांत उताणा पडला. तो पडला नव्हता, त्याला पाडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा! पाठीखालचं ढेकूळ टोचत असताना तो मोठमोठ्यानं हसत सुटला आणि ओमकार घाबरून "मामा, लागलं काय, मामा" करत त्याच्या छातीवर वाकला.

ठरल्या सकाळी हरिभाऊ आले. बांधावर उभं राहून त्यांनी पाहिलं. तीन वेळा पुन्हा करायला लावलं. मग छत्री उघडत म्हणाले, "कौन है, हे वाक्य जरा दमानं म्हण. आता तुला वेळ आहे." एवढंच बोलून ते बस पकडायला गेले.

मिरवणुकीच्या दिवशी निघण्याआधी पेटी उघडली. हरिभाऊंनी तलवारींना कुंकू लावलं, भाल्यांना लावलं. टोकाला भरमा ढाल घेऊन उभा होता. हरिभाऊंचा हात थबकला. सगळे बघत होते. त्यांनी करंगळीजवळच्या बोटानं चार पितळी फुलांच्या मधोमध कुंकू टेकवलं आणि नारळ फोडायला वळले.

पूर्णिमेनं पट्टे आवळले. "ती येणार काय?" भरमानं विचारलं.

"काय बोलली न्हाय बघा. मैत्रिणींसंगट बाजारात गेलीया."

दिवेलागणीला ट्रॅक्टर खडेबाजारात शिरला. दुकानांच्या पायऱ्यांवर, गच्च्यांवर, गाड्यांच्या टपांवर माणसंच माणसं. गेल्या वर्षीची करमणूक कुणी विसरलं नव्हतं. देखावा सुरू व्हायच्या आधीच "पड्या! पड्या!" सुरू झालं, फोन उंच झाले. भरमानं गर्दीत पोरीला शोधलं. दिसली नाही. मग त्यानं शोधणं सोडून दिलं. पहाऱ्यावरचा शिपाई बाजारात पोरगी शोधत नसतो.

मावळे चढले. ओमकारनं उडी घेतली. "कौन है?" भरमानं विचारलं, दमानं, आणि माणसं पडायची वाट बघत हसायच्या तयारीत राहिली. तलवार आली. ढालीनं ती झेलली. असा आवाज त्या रस्त्यानं कधी ऐकला नव्हता. दुसरा वार आला, तोही अडला, आणि भरमा एक पाऊल पुढं सरला. ओमकार मागं हटला. मावळा मागं हटला! गच्चीवरची शिट्टी अर्ध्यातच विरली. आता काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाला तरी मावळ्याची खरोखर काळजी वाटून "संभाळ रं!" अशी आरोळी आली. तिसरा वार डोक्यावर. ढाल वर गेली. ओमकार खाली बसला, आत शिरला, आणि भरमा फळ्यांवर धाडकन कोसळला.

हलगीवाला ठेका चुकला. मग टाळ्या आल्या आणि "जय भवानी"च्या घोषात सगळा रस्ता हादरला. ओमकारला पोरांनी खांद्यावर घेतलं. भरमा डोळे मिटून पडून होता. चौक ओलांडेपर्यंत मेलेल्यानं हलायचं नसतं. हसण्याचा आवाज येतो का, याकडं त्याचे कान लागले होते. येत नव्हता.

ट्रॉलीच्या अगदी कडेला एका बाईचा घाबरा आवाज आला, "अगं बाई, ते माणूस उठंना की. लागलं काय त्याला? कुणाच्या घरचं हाय गं हे?"

पोरींच्या घोळक्यातून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आरोहीचा आवाज आला.

"आमच्या घरचं. माझे आप्पा हाईत ते."